पाषाणातील पाण्याचा माग

पंचगंगेच्या काठी वसलेले इचलकरंजी हे शहर मागांच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग चालू केला आणि पुढे घरोघर सूत, रंग व कापड यांच्याच गोष्टी निघू लागल्या. ज्या काळ्या खडकावर हे शहर उभे आहे, त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. विहीर खणताना तो लागला की माणसे त्रासतात. घराच्या पायासाठी तो हवा असला की खाणीवरून मागवतात. त्यापलीकडे दगड तो दगड! तथापि या दगडात एक फार प्राचीन वृत्तांत लिहून ठेवलेला आहे आणि तो लिहिला आहे पाण्याने.

हा वृत्तांत वाचण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. इचलकरंजीच्या उत्तरेस, हातकणंगल्याच्या पलीकडे, आळते गावाजवळ रामलिंगाचा डोंगर आहे. तेथील गुहेतील देवळात शिवलिंगावर वरच्या खडकातून पाणी टपकत असते. भाविक त्याला महादेवाचा अभिषेक मानतात. भूशास्त्राचा विद्यार्थीही तेथे हात जोडतो, पण त्यानंतर तो मान वर करून पाहतो. वर तळे नाही, पाट नाही, आकाशात ढग नाही. मग हे पाणी येते कोठून? डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी मातीत मुरते, मातीतून खडकाच्या भेगांत शिरते आणि एका भेगेतून दुसरीत असे वाट काढीत, अत्यंत मंद गतीने खाली उतरते. जो पाषाण हातोड्याच्या घावालाही सहजासहजी दाद देत नाही, त्याच्यामधून पाणी मात्र वाट काढते.

ही झाली आजच्या पाण्याची गोष्ट. परंतु याच खडकांतून कोट्यवधी वर्षांपूर्वीही पाणी वाहिले आहे, आणि त्या पाण्याच्या पावलांचे ठसे अजून पुसले गेलेले नाहीत. डोंगरातून रस्ता खोदताना उघड्या पडलेल्या दरडीजवळ, किंवा खडी फोडण्याच्या जागी पडलेल्या ढिगाजवळ, क्षणभर थांबून दगड न्याहाळावा. कित्येक दगडांत पांढरे ठिपके दिसतात. काळ्या पिठात कोणी साबुदाणे मळले असावेत, तसे ते दिसतात. काही ठिपके मोहरीएवढे, काही बदामाएवढे, तर एखादी पोकळी मुठीएवढी असून तिच्या आतील भिंतीवर चकचकीत कणांची रास लागलेली असते. हे ठिपके म्हणजेच त्या प्राचीन पाण्याची अक्षरे होत.

ती वाचावयाची तर आरंभ अग्नीपासून करावा लागतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या भूभागावर जमिनीला भेगा पडून तप्त शिलारसाचे, म्हणजे लाव्हाचे, लोटच्या लोट बाहेर आले. तो लाव्हा दूरवर पसरला, थिजला. त्याच्यावर पुन्हा नवा लोट आला. असे थरावर थर चढून दख्खनचे पठार तयार झाले. आज शिल्लक असलेल्या या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळेच. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून या खडकांना इंग्रजीत ‘ट्रॅप’ हे नाव पडले. बेसाल्ट हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडील जुना शब्द काळा पाषाण.

उकळत्या दुधात जसे बुडबुडे वर येतात, तसे लाव्हात कोंडलेले वायू वर येऊ लागतात. लाव्हा पातळ असेल तोवर ते निसटून जातात. पण वरची साय घट्ट होऊ लागली की बुडबुडे जेथल्या तेथे अडकतात. खडक थिजतो आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. म्हणूनच प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र असतो आणि मधला भाग बहुधा घट्ट असतो. हा भेद पाथरवटांना पुस्तकावाचून कळतो. घडीव कामाला ते मधला, एकजीव दगड निवडतात. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी असलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरील कोरीवकाम पाहिले म्हणजे घट्ट काळ्या पाषाणातून काय साधता येते, ते ध्यानात येते. छिद्रांच्या दगडात हत्तीची सोंड कोरावयास घेतली तर नेमक्या टोकाशीच ठिपका निखळायचा!

घट्ट खडकालाही भेगा असतातच. लाव्हा निवताना आकसतो, आणि चिखल वाळताना जशी त्याला चिरांची जाळी पडते तशी त्यालाही पडते. पन्हाळ्याजवळ बांदिवडे येथे या आकसण्यामुळे खडकाचे उभे, अनेक कडांचे खांब तयार झालेले आहेत. कोणा शिल्पकाराने ते घडविलेले नाहीत. पोकळ्या, भेगा आणि दोन थरांमधील सांधे अशी सारी घरे व वाटा तयार झाल्या, तेव्हा पाण्याने त्यांत प्रवेश केला.

हे पाणी थंड नव्हते. थरांवर थर चढत गेले तसतसे खालचे थर खोल गाडले गेले. भूपृष्ठाखाली जावे तसतशी उष्णता वाढत जाते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस इतकी ही वाढ असते. शिवाय नव्या लाव्हाची धगही होतीच. यामुळे खडकात मुरलेले पाणी तापले. डोंगराच्या पोटात तापलेले पाणी फिरते, ही काही कल्पनेची भरारी नव्हे. सह्याद्री उतरून कोकणात गेल्यावर राजापूरजवळचे उन्हाळे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ, दापोली तालुक्यातील उन्हवरे अशा ठिकाणी गरम पाण्याचे झरे आजही वाहत आहेत. तेथे जवळपास ज्वालामुखी नाही. खोल भेगांत उतरलेले पाणी पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापून पुन्हा वर येते, इतकेच.

गरम पाणी मोठे अधाशी असते. थंड पाण्यात साखर विरघळावयास वेळ लागतो, चहात ती चटकन विरघळते. त्याचप्रमाणे तप्त पाण्याने बेसाल्टमधील सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम ही द्रव्ये हळूहळू आपल्यात घेतली. असे भारावलेले पाणी भेगांतून सरकत एखाद्या पोकळीत आले, तेथे ते थोडे निवले, किंवा त्याच्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलले, की विरघळलेला ऐवज भिंतीवर साचू लागे. पाकाच्या भांड्यात दोरा सोडला की त्यावर खडीसाखरेचे खडे धरतात, तसेच हे घडले. फरक एवढाच, की हा पाक मुरावयास शेकडो, हजारो वर्षे लागली.

पोकळीत साचलेला हा ऐवज नाना प्रकारचा असतो. सर्वांच्या ओळखीची गारगोटी त्यांपैकीच एक. कोल्हापूर जिल्ह्यात याच नावाचे एक गाव आहे, हे येथील मुलांना सांगावयास नकोच. रंगीत पट्ट्यांचा अकीकही गारगोटीचाच भाऊबंद. कॅल्साइट हे चुनखडीच्या जातीचे खनिज होय. परंतु दख्खनच्या पाषाणाची खरी कीर्ती झाली ती झिओलाइट नावाच्या खनिजकुळामुळे. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकनळीच्या ज्योतीत तापविला, तेव्हा तो चक्क उकळल्यासारखा फसफसला. त्याने ग्रीक भाषेतील शब्द जोडून त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले. या स्फटिकांच्या सूक्ष्म जाळीत पाणी अडकून राहिलेले असते आणि तापविताच ते बाहेर पडते. ज्या पाण्याने स्फटिक घडविला, त्यातील थोडे त्याने असे स्वतःजवळ ठेवून घेतले!

स्टिल्बाइट हे झिओलाइट गव्हाच्या पेंढीसारखे, मध्ये बांधलेले आणि टोकांना पसरलेले दिसते. स्कोलेसाइटच्या शुभ्र सुया एका बिंदूपासून कदंबाच्या फुलासारख्या फाकलेल्या असतात. झिओलाइटांच्या सोबतीला राहणारे अ‍ॅपोफिलाइट काचेसारखे स्वच्छ, कधी फिकट हिरवे असते. मुंबई-पुणे लोहमार्गासाठी एकोणिसाव्या शतकात बोरघाट फोडण्यात आला, तेव्हा असे सुंदर स्फटिक सापडले आणि दूरदेशींच्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचे गर्द निळे खनिज मिळते. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले. पण त्याचे उत्तमोत्तम नमुने वाघोलीचेच, असे जगभरचे संग्राहक मानतात. हे सारे पाहण्यासाठी सिन्नर येथे ‘गारगोटी’ या नावाचेच एक संग्रहालय आहे.

सौंदर्य पाहून झाले की भूशास्त्रज्ञ एक निराळा प्रश्न विचारतो: आधी कोण आले? झाडाच्या खोडात सर्वांत आतले वलय सर्वांत जुने असते. पाषाणातील पोकळीत याच्या उलट असते. भिंतीला चिकटलेला थर सर्वांत जुना, आणि मधोमध, रिकाम्या जागेत डोकावणारा स्फटिक सर्वांत धाकटा. भिंतीवर पुष्कळदा हिरवट मातीचे पातळ अस्तर असते. त्यावर गारगोटी किंवा एखादे झिओलाइट, त्यावर दुसरे झिओलाइट, आणि शेवटी अ‍ॅपोफिलाइट किंवा कॅल्साइट, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो. एकाच पाण्यातून एका दमात हे सर्व घडणे शक्य नाही. पाणी बदलले, त्याची उष्णता बदलली, मध्ये दीर्घ काळ गेला. पाणी एकदा नव्हे, अनेकदा आले. अ‍ॅपोफिलाइटचे वय प्रयोगशाळेत मोजले असता ते काही ठिकाणी लाव्हाच्या वयापेक्षा कोट्यवधी वर्षांनी कमी भरले आहे. म्हणजे अग्नी केव्हाच विझला होता, तरी पाण्याचे काम चालूच होते.

ते पाणी किती गरम होते, हे आज कसे कळावे? त्याची युक्ती इंग्लंडमधील शेफील्ड येथे राहणाऱ्या सॉर्बी या शास्त्रज्ञाने दाखविली. त्याने स्फटिकांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. स्फटिक वाढताना त्याच्या अंगात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब कोंडले गेल्याचे त्यास दिसले, आणि अशा थेंबात एक इवलासा बुडबुडाही होता. गरम पाण्याने काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली बाटली निवली, की पाणी आकसून वर थोडी जागा रिकामी राहते. हा बुडबुडा म्हणजे ती रिकामी जागा. तेव्हा स्फटिक पुन्हा हळूहळू तापवावा. ज्या उष्णतेला बुडबुडा नाहीसा होईल, निदान तितकी उष्णता स्फटिक घडताना त्या पाण्यात असलीच पाहिजे. १८५८ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत सुधारलेल्या उपकरणांनिशी आजही वापरली जाते. केसाच्या जाडीहूनही लहान अशा थेंबाने कोट्यवधी वर्षांपूर्वीची साक्ष द्यावी, यापरते नवल ते कोणते!

दुसरी साक्ष झिओलाइटांच्या जातींची. काही जाती कमी उष्णतेत तयार होतात, काही अधिक. आइसलँड हा देशही लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. तेथील डोंगर पायी तुडवून वॉकर या भूशास्त्रज्ञाने १९६० साली असे दाखविले, की झिओलाइटांच्या जाती ठरावीक पट्ट्यांत आढळतात, आणि लाव्हाचे थर कललेले असले तरी हे पट्टे जवळजवळ आडवेच असतात. पट्टा कोणता हे कळले, की तो खडक एके काळी किती खोल गाडलेला होता याचा अंदाज बांधता येतो. आणि त्यावरून त्याच्या डोक्यावरचा, आता झिजून गेलेला डोंगर किती उंच होता, हेही सांगता येते. पश्चिम भारतातील झिओलाइटांचा असाच अभ्यास सुखेसवाला व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला.

दगडातील पाण्याचा हा शोध केवळ जुन्या काळापुरता नाही, हे कोयनेने महाराष्ट्राला कठोरपणे शिकविले. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, लोक झोपेत असताना, मोठा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व हजारो बेघर झाली. जलाशयाचा भार आणि त्यातून खोल भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणलेले खडक सरकतात, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. पुढे वारणेवर चांदोली येथे धरण झाल्यावर त्या बाजूसही धक्के बसू लागले. खडकातील भेगा व पाणी प्रत्यक्ष पाहावे, म्हणून कराड येथील शासकीय प्रयोगशाळेच्या वतीने कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. ते काम २०१७ साली पुरे झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खाली त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट लागला.

कोयनेचे छिद्र खोल. पण इचलकरंजीच्या परिसरातील शेतकऱ्याचा प्रश्न त्यामानाने उथळ, परंतु रोजचा आहे. एका शिवारात दोन विहिरी असतात. एकीला चैत्रातही पाणी असते, दुसरी माघातच तळ दाखविते. लोक दैवाला बोल लावतात. बेसाल्टच्या घट्ट भागात पाणी साठण्यास जागाच नसते. ते साठते वरच्या मुरमात, भेगांत आणि थरांच्या सच्छिद्र माथ्यांत. विहिरी खणणारे लोक या ठिसूळ, छिद्रांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि तो लागला की पाण्याची आशा धरतात. परंतु छिद्रे असली म्हणजे पाणी असेलच, असे नाही. ती रिकामी आणि एकमेकांना जोडलेली हवीत. प्राचीन पाण्याने जेथे झिओलाइट व कॅल्साइट गच्च भरून ठेवले आहे, तेथे आजच्या पाण्याला ना घर, ना वाट. जे स्फटिक संग्रहालयात काचेआड मिरवतात, त्यांचेच गरीब भाऊ एखाद्या शिवाराची विहीर कोरडी ठेवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील तज्ज्ञ विहिरीची जागा सुचविताना खडकाचा हा स्वभावही पाहतात.

आणि वाट मोकळी असेल तर तिने कोणते पाणी जावे, हे काही खडक ठरवीत नाही. कापड रंगविण्याच्या व धुण्याच्या कामातून निघणारे पाणी, गावाचे सांडपाणी आणि शेतातील खते यांनी पंचगंगा अनेक वर्षे मलिन होत आली आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. दूषित पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले म्हणजे काय होते, ते या शहराने अनुभवले आहे. त्या वेळी दोष जमिनीवरच्या नळांतून पसरला. नळ दुरुस्त करता येतो. ओढ्याकाठी किंवा उघड्या खड्ड्यात सोडलेले रंगाचे पाणी मात्र मुरमातून भेगांत उतरते, आणि तेथे त्याच्यापर्यंत माणसाचा हात पोहोचत नाही. ते किती दूर जाईल व कोणाच्या कूपनलिकेत निघेल, हे वरून पाहून सांगता येत नाही. गंमत अशी, की कापड नीट रंगण्यास मृदू पाणी लागते, आणि कठीण पाणी मृदू करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जी द्रव्ये वापरात आली ती झिओलाइटच्या जातीची होती. आजही कृत्रिम रीतीने बनविलेली झिओलाइटे धुण्याच्या पावडरीत घातली जातात. पाण्यातील कॅल्शियम ती आपल्या जाळीत ओढून घेतात.

सहलीला जाणाऱ्याने हातोडा नेला नाही तरी चालेल. एक भिंग आणि चाकू पुरे. पांढऱ्या ठिपक्यावर चाकूने ओरखडा उठला नाही, तर ती गारगोटी. ओरखडा उठला आणि शिक्षकांनी सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. ओरखडा उठला पण आम्लाने तो फसफसला नाही, तर बहुधा झिओलाइट. पोकळी फुटलेली असेल तर भिंतीपासून मध्यापर्यंतचा क्रम वहीत चितारून घ्यावा, आणि तो दगड कोणत्या दरडीत, किती उंचीवर होता तेही लिहावे. जागेची नोंद नसलेला सुंदर स्फटिकही भूशास्त्रज्ञाला मुकाच.

परतीच्या वाटेवर एखादी जुनी, रुंद तोंडाची विहीर हमखास लागते. वैशाखात पाणी तळाला गेलेले असते, आणि कठड्याबाहेरूनच तिची सारी भिंत वाचता येते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग ठिपक्यांचा एक पट्टा, मग घट्ट पाषाण, आणि त्याखाली पुन्हा छिद्रांचा पट्टा. वरच्या पट्ट्यातील छिद्रे पांढरी, भरलेली. त्या भिंतीवर धूळ बसलेली असते. खालच्या पट्ट्यातील छिद्रे काळी, रिकामी. तेथे शेवाळ धरलेले असते, एखादे पिंपळाचे रोप मूळ रोवून उभे असते, आणि नीट कान दिला तर खाली पाण्यावर पडणाऱ्या थेंबाचा आवाज ऐकू येतो.